व्हॅन डावीकडे ओढते

पूनम कोळपेची व्हॅन डावीकडे ओढते, ही बातमी वस्तीवरून निघाली तेव्हा अगदी बरोबर होती. न्हावऱ्याच्या बाजारात पोचेपर्यंत मात्र ती 'पूनमचा हातच डावीकडं जातो' अशी होऊन बसली. गाडीचं दुखणं बाईच्या अंगावर यायला तेवढा रस्ता पुरतो. त्यातून बाई नवी ड्रायव्हर असली तर विचारूच नका.

कोळपे वस्ती शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे कालव्याच्या काठाला. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो आणि तिथून केडगाव काही फार लांब नाही. वस्तीवरच्या मुलींना मात्र ते लांबच होतं. उसातून चालत मोठ्या रस्त्याला जायचं, एसटीची वाट बघायची, आणि ती आलीच तर आधीच दारापर्यंत भरलेली असायची. त्यामुळे बारावी झाली की मुलगी घरी, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

पूनमचं स्वतःचं शिक्षण तर दहावीलाच सुटलं होतं. तिचा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. बिऱ्हाड घोड्यावर लादून आज या गावच्या रानात, उद्या त्या गावच्या, असं तिचं लहानपण गेलं. लग्न होऊन कोळप्यांच्या घरात आली तेव्हा घराला पक्क्या भिंती आहेत याचंच तिला केवढं अप्रूप वाटलं होतं. नवरा बिरदेव रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी मित्राची गाडी आणून त्यानं बायकोला कालव्याच्या रस्त्यावर शिकवली. शिकवताना भांडणं झाली ती सगळ्या वस्तीनं ऐकली, पण पूनम शिकली. मग दोघांनी मिळून एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, तिला पिवळी पाटी लावली आणि पूनम घरोघर जाऊन सांगून आली, "मी पोरींना केडगावला नेते आन् आणते. माझ्या घरची समजून नेते."

लोक 'बघू' म्हणाले. आमच्या भागात 'बघू' म्हणजे 'नाही', फक्त तोंडावर नाही. पण गोकुळ आप्पा हो म्हणाले. आप्पा मोठे बागायतदार, सोसायटीत संचालक, आणि त्यांची सुलक्षणा नर्सिंगला जायचं म्हणून घरात अन्नपाणी सोडून बसली होती. आप्पांनी हो म्हटल्यावर ललिताच्या घरचे हो म्हणाले, हर्षदाच्या घरचे हो म्हणाले. बघता बघता व्हॅन भरली.

व्हॅन दारात आली त्या दिवशी पूनमची सासू रतनबाई हिनं तिची पूजा केली. चारी चाकांखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं. पूजा आटपून सगळे चहाला आत गेले तरी म्हातारी पुढच्या चाकापाशी बराच वेळ फतकल मारून बसली होती. "आत्या, चहा गार व्हतोय," पूनमनं दारातून हाक मारली, तेव्हा पदराला हात पुसत आली. रतनबाईला सुनेचं भारी कौतुक. बाजारात भाजी घेताना भाव विचारायच्या आधी ती सांगायची, "आमची सून गाडी चालवती." ऐकणारीचा चेहरा पडला की हिला काळजी लागायची, आता हिची नजर लागणार म्हणून.

पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. दिवाळी झाली आणि व्हॅन डावीकडे ओढायला लागली.

त्यातही तिची एक तऱ्हा होती. सकाळी घरून निघताना अगदी शहाण्यासारखी सरळ जायची. कालव्याची वळणं सुरू झाली, चारदोनदा ब्रेक लागला, की स्टीअरिंग डाव्या बाजूला जड व्हायचं. भीमेच्या पुलावर येईपर्यंत पूनमला दोन्ही हातांनी चाक उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. खट्याळ रेड्याला दाव्यानं ओढत न्यावं तसं. संध्याकाळी भाकरी थापताना तिचे खांदे ठणकायचे.

ती व्हॅन घेऊन चौफुल्याला मच्छिंद्रच्या गॅरेजला गेली. मच्छिंद्र माणूस चांगला, कामाला पक्का. तो म्हणाला, "ताई, गाडी एका अंगाला ओढायची कारणं लई असत्यात. आपण सोप्यापासनं सुरू करू." त्यानं आधी हवा बघितली. मग पुढची दोन्ही चाकं काढून डावीचं उजवीला आणि उजवीचं डावीला बसवलं. म्हणाला, "टायरमधी खोट असंल तर आता उजवीकडं ओढंल." व्हॅन दुसऱ्या दिवशी डावीकडेच ओढली. मग अलाइनमेंट झालं. तरी तेच. पुन्हा गेल्यावर तो म्हणाला, "रस्त्याला कडंकडं उतार असतो, त्यानं बी ओढती. चला, सपाट जागंवर बघू." बाजारसमितीच्या मोकळ्या पटांगणात त्यानं व्हॅन नेली आणि हात सोडून दाखवले. गाडी ओळंब्यात धरल्यासारखी सरळ गेली.

"बघा. गाडी चोख हाय," मच्छिंद्र म्हणाला. पुढचं तो बोलला नाही, पण त्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

पूनमला रडू आलं नाही, राग आला. गॅरेजला गेलं की आधी नंबर लावायचा, मग चहा प्यायचा, मग आणखी कुणाची तरी जीप आधी निघायची. तिची पाळी येईपर्यंत व्हॅन अशी साळसूद होऊन बसायची की जणू हिनंच काहीतरी कुभांड रचलंय. बिरदेवनं एका सुट्टीला वस्तीपासून फाट्यापर्यंत चालवून बघितली. त्यालाही काही सापडलं नाही. "तू लई घट्ट धरतीस. हात जरा सैल सोड," तो म्हणाला. परक्यानं म्हटलं असतं तर तिनं ऐकून सोडून दिलं असतं. नवऱ्यानं म्हटलं ते तिला लागलं.

घरात एकट्या रतनबाईला सुनेच्या हाताबद्दल काडीचा संशय नव्हता. "हात बित काय न्हाई. नजर हाय ही," ती म्हणायची आणि मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. दर शनिवारी पूनम विहिरीवर मोटार चालू करून नळीनं व्हॅन धुवायची. ती धुऊन झाली की म्हातारी ओल्या चिखलातच चाकाशी जाऊन काहीतरी पुटपुटायची. पूनम हसायची आणि आपल्या कामाला लागायची. गाडीला हळदीकुंकू लावल्यानं काही बिघडत नाही, असं तिला वाटत होतं.

मग तो ट्रॅक्टर आला. सकाळची वेळ, मुली मागे कुठल्या तरी परीक्षेचं बोलत होत्या. वळणावर समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, निम्मा रस्ता उसानं भरलेला. पूनमनं ब्रेक दाबला, ट्रॅक्टर पुढे निघून गेला, तिनं पाय काढला, आणि व्हॅन जी डावीकडे वळली ती सरळ कालव्याच्या भरावावर. मुली किंचाळल्या. बाभळीच्या झुडपात पुढचा बंपर घुसला म्हणून थांबली, नाहीतर खाली पाणीच होतं. कुणाला खरचटलंही नाही. पूनमनं मुलींना खाली उतरवलं, एकेकीच्या तोंडावरून हात फिरवला, व्हॅन मागे घेतली आणि मुंगीच्या पावलानं त्यांना केडगावला पोचवलं. "तुम्ही घरी काही सांगू नका" असं ती एकीलाही म्हणाली नाही.

संध्याकाळी गोकुळ आप्पा आले. ओरडले असते तर पूनमला बरं वाटलं असतं. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि पूनमच्या सासऱ्याला, तात्याबाला म्हणाले, "तात्या, माझा राग न्हाई. पण पोरीच्या जिवाचा खेळ हाय. सुलक्षणाच्या मामानं एक स्थळ आणलंय. मी त्याला थांबा म्हणून सांगितलं हुतं, पोरगी शिकतीय म्हणून. आता घरात सगळी मलाच बोलत्यात."

"गाडीत दोष हाय आप्पा," पूनम दारातून म्हणाली. "माझा हात न्हाई."

"मच्छिंद्र म्हणतोय गाडी चोख हाय. बिरदेव म्हणतोय चोख हाय." आप्पा उठले. "उद्याचा शनिवार जाऊ दे कसा बी. रविवारी मी सोता बसून बघतो. समाधान झालं तर ठीक, न्हाईतर सोमवारपासनं माझी पोरगी घरी. बाकीच्यांचं त्यांनी बघावं."

बाकीचे काय बघणार होते ते सगळ्यांना माहीत होतं. आप्पांची मुलगी बसली की सगळ्याच बसणार होत्या.

शनिवारी सकाळी व्हॅन निघाली. सुलक्षणा पुढच्या सीटवर बसली होती. केडगावला उतरताना ती म्हणाली, "वहिनी, मला तुमच्या गाडीची भीती वाटत न्हाई. घरी बसायची वाटती." आणि झटकन आत निघून गेली. पूनमनं व्हॅन परतीच्या रस्त्याला लावली. ह्या पोरी घरी बसल्या तर आपण परत भाकरी थापायला मोकळ्या होऊ, ही गोष्ट तिला आता सहन होण्यासारखी नव्हती.

परतताना, पारगावच्या अलीकडे, रस्त्यावर मेंढरं आडवी आली. दिवाळीनंतर असे कळप खाली उतरतातच. व्हॅन नेहमीप्रमाणे डावीकडे ओढत होती. पूनमनं ती कडेला घेतली आणि कळप जायची वाट बघत बसली. मागे एक मेंढी लंगडत होती. एका म्हाताऱ्या धनगरानं तिला काठीच्या आकड्यानं पायात धरून ओढलं, मांडीखाली दाबलं आणि तिच्या एकेका खुराला तळहात लावून बघितला. डोळे त्याचे दुसरीकडेच, पुढे गेलेल्या कळपावर.

पूनमचा बाप अगदी असंच करायचा. ती लहान असताना काटा शोधायला खुरात डोळे घालून बसायची, तेव्हा तो म्हणायचा, "अगं, डोळ्यानं काय बघतीस? हातानं बघ. जो पाय तापलाय, त्यो दुखतोय."

पूनम व्हॅनमधून खाली उतरली. आधी तिला स्वतःचंच हसू आलं. मग तिनं उजव्या पुढच्या चाकाच्या लोखंडाला तळहात लावला. कोमट. उजवं मागचं, कोमट. वळसा घालून डावं मागचं, तेही तसंच. डाव्या पुढच्या चाकाला हात लावला आणि "आई गं!" करून मागे घेतला. तव्याला लागावा तसा चटका बसला होता. जवळ वाकली तर जळकट वास येत होता. इतके दिवस ती आत बसत होती, वास मागे रस्त्यावर राहत होता.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. मच्छिंद्र बघायचा तोवर चाक गार झालेलं असायचं. बिरदेवनं फाट्यापर्यंतच चालवली होती. गाडीचं दुखणं चालून चालून उपटायचं, आणि सगळे तपासायचे ती विसावा घेतल्यावर.

तिनं तिथल्या तिथे व्हॅन फिरवली. चौफुल्याला गॅरेजसमोर उभी केली आणि खाली उतरायच्या आधीच ओरडली, "मच्छिंद्रदादा, आधी इकडं या! नंबर नंतर. चाकाला हात लावा, पण बेतानं."

मच्छिंद्र एका रिक्षाखाली आडवा होता. तिच्या आवाजानं तो पान्ह्यासकट बाहेर आला. डाव्या चाकाशी नुसता हात नेला आणि काढून घेतला. उजव्याला लावला. मग पुन्हा डाव्याजवळ नेला. "तिच्या मायला," तो म्हणाला. जॅक लावून पुढची बाजू उचलली. उजवं चाक एका झटक्यात गरगरलं. डावं दोन हातांनी रेटलं तरी जेमतेम हललं.

"ब्रेक धरलाय," तो म्हणाला. "ताई, तुमी पाय काढता, पण ह्यो सोडीतच न्हाई. एक चाक अडून बसल्यावर गाडी त्या अंगाला जाणारच की. मी पयल्याच दिवशी चालवून आणून लगेच हात लावून बघायला पायजे हुता. चुकलं माझं." असं म्हणणारा मिस्त्री पूनमनं पहिल्यांदाच बघितला.

त्यानं चाक उतरवलं, टॉर्च घेऊन आत डोकावला आणि थांबला. चाकामागे ब्रेकचं तेल नेणारी काळी रबरी नळी असते. तिच्या मधोमध चिखलाचा एक गोळा चिकटलेला दिसत होता. आधी चाकं काढली तेव्हा तो त्याला नुसता चिखलच वाटला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं चिखल खरवडला. आतून दोर निघाला. काळ्या लोकरीचा, नळीला करकचून आवळलेला. एक नव्हे, एकावर एक तीन. नळी तिथे पार चिमटून गेली होती.

"पायानं दाबलं की तेल जोरात आत घुसतंय," मच्छिंद्र सांगू लागला, "पण पाय काढल्यावर माघारी यायला त्याला वाट न्हाई. म्हणून ब्रेक धरूनच बसतोय. गाडी उभी ऱ्हायली की झिरपत झिरपत सुटतोय. पण हे बांधलं कुणी? कोण एवढा शाणा भेटला?" आणि तो इतका मोठ्यानं हसला की रिक्षावालाही बघायला आला.

पूनम हसली नाही. तिनं दोर ओळखला होता. मांडीवर वळलेला, तीन पदरी, त्यातला एक पदर पांढरा. असा दोर साऱ्या वस्तीत एकच बाई वळते. गाठही तीच, कोकराच्या गळ्याला मारायची. नजर लागू नये म्हणून बायका डाव्या पायात काळा दोरा बांधतात. म्हातारीनं गाडीच्या डाव्या पायात बांधला होता. चाकाला बांधून राहिना, म्हणून मागे हाताला लागली त्या नळीला. दर शनिवारी गाडी धुताना तो भिजायचा, चाकाच्या धगीनं वाळायचा आणि आणखी आटायचा. घोंगडी भिजवून तुडवली की कशी आटते, हे पूनमलाच काय, घरातल्या शेळीलाही माहीत होतं. आणि गाडी ओढते म्हटल्यावर म्हातारीनं नजर वाढली समजून दुसरा बांधला. भरावावर गेली त्या दिवशी बहुधा तिसरा.

मच्छिंद्रनं मोबाइल काढला. "ह्याचा फोटो आमच्या मिस्त्रींच्या ग्रुपवर टाकतो. लोक वर्षभर हसतील."

"न्हाई," पूनमनं मोबाइलवर हात ठेवला. "माझ्या घरचा दोर हाय त्यो."

मच्छिंद्रनं तिच्याकडे बघितलं, मोबाइल खिशात टाकला आणि गुमान नवी नळी शोधायला गेला. त्यानं नळी बदलली, ब्रेकचं घासलेलं सामान बदललं, तेल भरलं. डावं चाक उजव्यासारखंच गरगरलं. पूनमनं कापलेले दोर रुमालात बांधले आणि समोरच्या कप्प्यात टाकले.

दुपारी मुलींना घेऊन परत येताना व्हॅन अशी चालली की पूनमला आपल्या हातांचं काय करावं हेच कळेना. मागे मुली गात होत्या. पूनमच्या मनात मात्र दोन गोष्टी भांडत होत्या. एक राग, चांगलाच सणसणीत. आत्यांमुळे मी नवऱ्याचं ऐकून घेतलं, गावाचं ऐकून घेतलं, पोरी पाण्यात जायच्या वाचल्या. आणि दुसरं, ओल्या चिखलात फतकल मारून गाठ मारत बसलेली ती म्हातारी. हे बाहेर फुटलं तर रतनबाईला बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. 'सून गाडी चालवती' म्हणणारी बाई, तिनंच गाडीला फास लावला, असं लोक हसून हसून सांगतील. घरी आल्यावर पूनम कुणाला काही बोलली नाही. रतनबाईनं विचारलं, "झाली का गं बरी?" ती म्हणाली, "झाली."

रविवारी सकाळी गोकुळ आप्पा मोटारसायकलवर आले. पाठोपाठ सुलक्षणा, ललिता, हर्षदाही आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तात्याबा मेंढरांना पाला टाकत होता, तो तसाच आला.

"काय निघालं?" आप्पांनी विचारलं.

"ब्रेकची नळी आवळली हुती. बदलली. आता सरळ चालती."

"कशानं आवळली?"

"जुनी गाडी हाय आप्पा. व्हतं असं."

आप्पांनी मान हलवली. "हे बघ पूनम, मी शेतकरी माणूस. मोटार जळाली तर मिस्त्रीनं नवं वायंडिंग भरून दिलं एवढं मला पुरत न्हाई. कशानं जळाली ते कळाया पायजे, न्हाईतर ती महिन्यानं परत जळती. आज तुझी नळी आवळली, आपोआप. उद्या परत आवळंल. आन् मग पोरी कालव्यात." ते मुलींकडे बघत नव्हते. "कारण सांग. कारण नसंल तर मला पोरगी पाठवता यायची न्हाई."

बोलणं बरोबर होतं. भिंतीशी सुलक्षणा तिच्याकडे एकटक बघत होती. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता, आणि पूनमला ते उघडवेना. व्हॅनच्या कप्प्यातला तो रुमाल तिला डोळ्यांसमोर दिसत होता. आपण सांगावं की गप्प बसावं, ह्यातलं काहीही केलं तरी घरातलं कुणीतरी बुडणार होतं.

"कारण मी हाय," मागून आवाज आला.

रतनबाई व्हॅनच्या डाव्या चाकापाशी उभी होती. हात चिखलानं भरलेले. सकाळी उठून ती आपल्या नेहमीच्या कामाला गेली होती, गाठ चाचपायला. हाताला नवी कोरी नळी लागली आणि दोर नाही लागला. तेव्हापासून ती तिथेच होती, आणि सगळं ऐकत होती.

"मी बांधला हुता दोर," ती म्हणाली. "गाडीच्या डाव्या पायाला. बाया बघत्यात, जळत्यात, म्हणून. गाडी वाकडी चालाया लागली तवा मला वाटलं दोर कमी पडतोय. म्हणून आणिक बांधलं. नळी कसली हाय ते मला काय ठावं." ती आप्पांसमोर आली. "आप्पा, गाव काय म्हणंल ते मला म्हणू द्या. माझ्या सुनंचा हात सरळ हाय. पयल्यापासनं सरळ हुता."

कुणी हसलं नाही. तात्याबानं हातातला पाला खाली टाकला. "अगं, लोकर भिजली की आवळती. जल्मभर घोंगड्या केल्यास, एवढं ध्यानात न्हाई आलं व्हय?"

"लोकर ठावं हाय मला!" रतनबाई त्याच्यावर फिस्कारली. "गाडीच्या पायातनं तेल वाहतंय ते कुठं ठावं हुतं?"

पूनमनं व्हॅनमधून रुमाल आणला आणि आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी दोर हातात घेऊन उलटसुलट बघितले. मग त्यांची नजर हळूच स्वतःच्या मोटारसायकलकडे गेली. तिच्या हँडलखाली काळी बाहुली होती, लिंबू होतं, आणि पुढच्या चाकाशी त्यांच्या आईनं बांधलेला काळा गोफही होता. आप्पा तिकडे गेले, वाकले, गोफ कशाकशाला लागतोय ते नीट बघितलं आणि खिशातल्या चाकूनं कापून टाकला. आता मात्र पोरी फिदीफिदी हसल्या. आप्पाही हसले.

"चल," ते पूनमला म्हणाले. "कारण कळलं. आता गाडी दाव."

आप्पा मागे बसले. पूनमनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि सासूला म्हणाली, "आत्या, तुमी पुढं बसा." रतनबाईनं चिखलाचे हात पदराला पुसले आणि चढली. व्हॅन हलली, दारातली कोंबडी उडाली, तशी ती एकदा किंचाळली, मग सीटला धरून ताठ बसली.

कालव्याच्या रस्त्यावर आप्पांनी तिला सुखानं चालवू दिलं नाही. "दाब. सोड. आता पुन्ना दाब." भरावावर जिथे झुडपात घुसली होती तिथे तर मुद्दाम दोनदा दाबायला लावलं. व्हॅन दरवेळी थांबली आणि सोडल्यावर सरळ पुढे गेली. पुढे न्हावऱ्याच्या फाट्याआधी रस्ता लांबच लांब सरळ आहे, समोर चिटपाखरू नव्हतं. पूनमनं वेग कमी केला आणि दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले.

व्हॅन चालत राहिली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

"धर गं बाई, धर!" मागून आप्पा ओरडले. "पटलं मला! धर आता!"

पूनमनं चाक धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते येऊ दिलं. आप्पांनी घरी फोन लावला. "सुलक्षणा घरी आली की सांग, उद्याची पुस्तकं भरून ठिव म्हणून. आन् तिच्या मामाला सांग, आता बस म्हणावं. पोरीचं शिक्षण झाल्याबिगर मी काय ऐकायचो न्हाई."

फाट्यावर व्हॅन वळवायला पूनम थांबली, तेव्हा रतनबाई मागे वळून आप्पांना म्हणाली, "द्या त्यो रुमाल." तिनं त्यातून सगळ्यात लांब तुकडा काढला, त्यावरचा चिखल बोटांनी झाडला आणि सुनेचा हात आपल्याकडे ओढून घेतला.

"गाडीला आता कवाच न्हाई बांधायची," ती म्हणाली. "तिला तेल असतंय, नळ्या असत्यात, कळत न्हाई मला त्यातलं. तुला बांधते." तिनं काळा दोर पूनमच्या मनगटाभोवती घेतला आणि तीच गाठ मारली, कोकराची. मग आपलं चिखलाचं बोट दोराच्या आत घालून गोल फिरवून दाखवलं. "सैल बांधलाय. भिजला तरी आवळायचा न्हाई. बघ, बोट जातंय."

पूनमनंही बोट घालून बघितलं. जात होतं.